आमच्याकडं याच्यापेक्षा भारी

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांची हद्द आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जाते. उंबऱ्याच्या अलीकडं सोफा, टीव्ही आणि मी, म्हणजे आंबेगाव तालुका. पलीकडं गॅस, मिसळणाचा डबा आणि सौ., म्हणजे जुन्नर तालुका. आई दोन्हीकडं नाही. ती माहेरची अवसरीची. तिच्या लेखी गाव म्हणजे अवसरी, बाकी सगळं शिवार. सरकारनं आखलेली हद्द मंचरहून नारायणगावला जाताना हायवेवर कुठंतरी येऊन जाते आणि गाडीतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. घरातली हद्द मात्र मला दिवसातून चार वेळा ठेच लावते.

लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यामुळं भांडणाचे मुद्दे आता पाढ्यांसारखे पाठ आहेत. सुरुवात मी भीमाशंकरानं करतो.

"देऊळ खेड तालुक्यात आहे," ती.

"पण रस्ता आमच्या घोडेगावातून जातो!" मी.

मग ती अष्टविनायक काढते. आठातले दोन, लेण्याद्री आणि ओझर, एकट्या जुन्नर तालुक्यात. मी सातगाव पठारचा बटाटा काढतो. ती नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो काढते. (या दोघांचा मिळून होणारा रस्सा ही आमच्या घरातली एकमेव टिकलेली आघाडी.) मी बाबू गेनू काढतो. महाळुंगे पडवळचा हा आमच्या तालुक्यातला गडी 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढं उभा राहिला आणि हुतात्मा झाला. ती क्षणभर गप्प होते, हात जोडते आणि मग शांतपणे एकच शब्द उच्चारते, "शिवनेरी."

संपलं. हुकमाचा एक्का. 19 फेब्रुवारी 1630 नंतर जुन्नरकरानं कुठलाही वाद हरल्याची नोंद नाही.

माझ्याकडं शेवटचं हत्यार उरतं ते पाण्याचं. "आमच्या डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्यानं तुमच्या येडगावच्या धरणात जातं, तेव्हा कुठं तुमचे टोमॅटो लाल होतात!"

"हो ना," ती कणीक मळता मळता म्हणते, "आणि तुमचं आंबेगाव त्याच डिंभ्यात बुडालं. ज्याच्या नावानं भांडताय ते गावच पाण्याखाली. कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला. तालुका नेमका आहे कुठं तुमचा?"

यावर मी टीव्हीचा आवाज वाढवतो.

अशातच एका मासिकातला लेख वाचनात आला. 1981 साली ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञानं काही लोकांना विचारलं, की या सगळ्यांत तुम्ही गाडी कशी चालवता? त्याच्या अमेरिकन मंडळींपैकी 93 टक्के म्हणाले, आम्ही निम्म्याहून जास्त जणांपेक्षा चांगली चालवतो. स्वीडनचे जरा भिडस्त, ते 69 टक्क्यांवर थांबले. हाच प्रश्न मंचरच्या एसटी स्टँडवर विचारला असता, तर आकडा शंभराच्या वर गेला असता. गाडी नसलेल्यांनीही हात वर केले असते.

पण लेख वाचून माझे डोळे उघडले. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं! बायकोला वाटतं, मेहुण्याला वाटतं, सासऱ्यांना तर वाटतंच वाटतं. कुणीतरी या सगळ्याच्या वर उठायला हवं होतं आणि आसपास नजर टाकली तर त्या लायकीचा मीच दिसत होतो. मी उंबऱ्यावर उभा राहून जाहीर केलं, "आजपासून मी तटस्थ."

"म्हणजे भाजी चिरणार का?" आतून आवाज आला.

तटस्थतेची पहिली परीक्षा त्याच रविवारी आली. शिवजयंती नुकतीच होऊन गेली होती, हवा बरी होती, नाणेघाटला जायचं ठरलं. मेहुण्याची जीप. गाडीत मेहुणा, सासरे (ज्यांना मी मामा म्हणतो), आई, सौ., मी आणि माझा पुण्याचा मित्र. मित्र खूप वाचतो आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय त्याला पचत नाही.

मंचर सोडायच्या आत पहिला वाद. जुन्नरला जायला दोन रस्ते : एक नारायणगावावरून, एक घोडेगावावरून.

"दाजी, नारायणगावनं घेतो. रस्ता कसा, लोण्यावानी," मेहुणा.

"घोडेगावनं सावली आहे," मी म्हणालो. "मी तटस्थपणे सांगतोय. माझं काही नाही त्यात."

"सावलीत काय झोपायचंय का?" मामा मागून.

"आमच्या अवसरीला एकच रस्ता होता," आई म्हणाली, "तंटाच नव्हता."

तटस्थ माणसाच्या शब्दाला शेवटी वजन आलं आणि गाडी घोडेगावकडं वळली. वीस मिनिटांनी पंक्चर झाली. मेहुणा काही बोलला नाही. जॅक लावताना तो फक्त शीळ घालत होता आणि त्या शिळेत "नारायणगाव" हा शब्द स्पष्ट ऐकू येत होता. चाक बदलून निघालो तर पुढच्या गावात यात्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेम्पो, टेम्पोत बैल, बैलांच्या पाठीवर झुली आणि हवेत लाऊडस्पीकरवरचं "भिर्रर्रर्र". बैलगाडा शर्यत! गाडी पुढं जाणं शक्य नव्हतं आणि मामा गाडीत राहणं त्याहून शक्य नव्हतं.

मामांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत. पण सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात अटी घालून मोकळ्या केल्या आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, हे ते झोपेतही सांगतात. घाटाच्या कडेला उभे राहून त्यांनी मित्राला शास्त्र समजावलं. गाड्याला बैल चार. पुढं घोडीवर स्वार. चढाचा घाट. कुठली बारी किती सेकंदांत वर जाते, त्यावर सगळं.

"पण बैलांना आवडतं का हे?" मित्रानं विचारलं.

"तुमच्या पुण्यात कुत्र्याला स्वेटर घालत्यात," मामा म्हणाले, "त्याला विचारून घालत्यात का?"

शेजारी एक म्हातारबाबा कपाळावर हात मारत उभे होते. त्यांच्या गावचा गाडा नुकताच पळाला होता. मी विचारलं, "काय झालं बाबा?"

"घड्याळ दाबणारानं उशिरा दाबलं."

"म्हणजे कमी सेकंद लागले असतील. फायदाच की!"

त्यांनी माझ्याकडं कीव करून पाहिलं. "सुरू येळेवर केलं वो. बंद उशिरा केलं. आमच्या गाड्याला दर साली असंच करत्यात."

पलीकडं दुसऱ्या गावचे पाच-सहा जण उभे होते. त्यांचंही घड्याळ उशिराच बंद झालं होतं. तासाभरात मी जेवढ्यांना विचारलं त्या सगळ्यांचे गाडे खरं तर पहिले आले होते. त्या घाटात मला दुसऱ्या नंबराचा एकही गाडामालक भेटला नाही.

लेण्याद्रीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पायऱ्या चढताना प्रत्येकानं मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या आणि वर पोचल्यावर पाच जणांचे पाच आकडे निघाले. सहावी आई, ती म्हणाली, "देवाच्या पायऱ्या मोजू नयेत," आणि त्या एका वाक्यात पाचही जणांना खाली ढकललं. खाली फलक होता, त्यावर आकडा असेलही. पण परत जाऊन पाहायला कुणी तयार नव्हतं, कारण प्रत्येकाला आपला आकडा पाठ होता. मेहुण्याचं म्हणणं, फलकच बदलायला हवा.

डोंगर एकच. आईला तिथं गिरिजात्मज दिसला. मित्राला दिसली ती बौद्ध लेणी. गणपती बसलाय तेच मुळात सात नंबरचं लेणं, भिक्खूंचा विहार, शेजारच्या सहा नंबरात चैत्यगृह, आणि जुन्नरच्या आसपास अशी दोनशेहून जास्त लेणी आहेत, असं तो धापा टाकत सांगत होता. मेहुण्याला दिसलं खालचं पार्किंग आणि त्यात त्याच्या जीपला चिकटून लागलेली दुसरी गाडी. आणि कठड्यावरच्या माकडाला दिसली मित्राच्या हातातली शेंगदाण्याची पुडी. चौघांच्या दृष्टीत काय फरक असेल तो असो, पण नेम फक्त माकडाचा लागला.

"तुमच्याकडची माकडं फार आगाऊ," मित्र रिकाम्या हाताकडं बघत म्हणाला.

"भीमाशंकरला शेकरू आहे," मी लगेच म्हणालो, "राज्यप्राणी. कुणाच्या हाताला हात लावत नाही." मग आठवण झाली आणि जोडलं, "हे मी तटस्थपणे सांगतोय."

जेवायला मेहुण्याच्या ओळखीच्या घरी थांबलो. मासवडीचा बेत होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मासवडीत मासा नसतो. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं. त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं. मग फडक्यासकट गुंडाळी करून वरून दाबत दाबत माशाचा आकार आणायचा. वड्या कापून काळ्या रश्श्यात सोडायच्या, सोबत बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं पाहिजे, नाहीतर रस्सा परत चुलीवर.

मित्रानं पहिली वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! अगदी पाटवडीसारखीच की!"

पंगतीतला आवाज बंद झाला. वाढणाऱ्या काकूंचा हात वरच्या वर थांबला. बाहेर गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तीही थांबल्याचा मला भास झाला. तालुक्या-तालुक्यांतलं बावीस वर्षांचं वैर त्या एका शब्दानं संपलं. मी, सौ., मेहुणा, मामा आणि आई, जुन्नर आणि आंबेगाव, आम्ही प्रथमच एका बाजूला आलो. पाटवडी! मित्राला एकामागून एक पाच जणांनी समजावलं. पण ही एकजूट रस्सा वाढेपर्यंतच टिकली. आई हळूच मला म्हणाली, "सारणात तीळ कमी आहेत. अवसरीला घालायचे तसे नाहीत." ते सौ.नं ऐकलं. पुढची पंधरा मिनिटं तिळांवर गेली.

नाणेघाटाच्या वाटेवर वातावरण निवळावं म्हणून मित्रानं गोष्ट काढली. हिरोडोटस नावाच्या जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. इराणचा बादशहा दारियस यानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, काय घ्याल म्हणजे मेलेल्या बापाचं मांस खाल? ग्रीक मेलेल्यांना जाळत. ते म्हणाले, काही दिलंत तरी नाही. मग त्यानं हिंदुस्थानाकडच्या एका जमातीला बोलावलं. त्यांच्यात म्हणे बापाचं मांस खायची रीत. त्यांना विचारलं, काय घ्याल म्हणजे बापाला जाळाल? ते किंचाळले, असलं अभद्र बोलू नका!

"मग?" मामा.

"मग काय? प्रत्येकाला आपलीच रीत बरी वाटते, एवढंच."

"पुढं राजानं काय निवाडा केला?"

"काहीच नाही."

"मग इचारलं कशाला लोकांना दरबारात बोलवून?" मामा म्हणाले. "आमच्या पंचायतीत असं चालत नाय."

नाणेघाटात वारा इतका, की उभं राहणं मुश्कील. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात इथून जाणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात.

"म्हणजे टोलनाकासुद्धा देशात पहिला आमच्या तालुक्यात!" मेहुण्याची छाती फुगली. हाच माणूस हायवेच्या टोलनाक्यावर दहा मिनिटं हुज्जत घालतो. पण आपल्या तालुक्यातला टोल म्हटल्यावर त्याला त्याचाही अभिमान.

"अवसरीच्या आमच्या वाड्यात याच्यापेक्षा मोठा रांजण होता," आई म्हणाली.

लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. मित्रानं उत्साहानं सांगितलं : कोणकोणते यज्ञ केले, अश्वमेध, राजसूय, दक्षिणेत किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, सगळी यादी आकड्यांनिशी. सौ. कौतुकानं भिंतीकडं बघत राहिली. "बघा," ती मला म्हणाली, "आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा लिहून ठेवायचो."

एवढ्यात खालून, वैशाखऱ्याकडून, घाट चढून एक पोरगा वर आला. मुरबाडकडचा. मेहुण्यानं त्याला पाणी दिलं आणि पाण्याबरोबर टोमणाही. "खाली तुमच्याकडं लय उकडतं म्हणं?"

पोरानं घोट घेतला. "उकडतं ना. पण पाऊस आधी आमच्याकडं पडतो. उरलासुरला वर तुमच्याकडं पाठवतो."

मला इतका आनंद झाला, की मी त्याला चिक्की दिली. तटस्थपणे.

परतताना अर्थातच नारायणगावचा रस्ता. मेहुण्यानं मोबाईलवर घड्याळ लावलं होतं. त्याच्या हिशेबानं या रस्त्यानं कमी वेळ लागला. माझ्या हिशेबानं त्यानं घड्याळ उशिरा सुरू केलं होतं. हे बोलून गेल्यावर मला घाटातले म्हातारबाबा आठवले आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

मामांच्या गावाला पोचेस्तोवर सांज झाली. त्यांच्या मळ्यातून खोडदच्या दुर्बिणीची एक तबकडी दिसते. अशा तीस तबकड्या आहेत, एकेक 45 मीटर व्यासाची, उसाच्या आणि कांद्याच्या वावरांमधून आभाळाकडं तोंड वासून बसलेल्या. मामांचा हा संध्याकाळचा विषय.

"अख्ख्या देशात जागा धुंडाळली शास्त्रज्ञांनी. येऊन थांबले कुठं? खोडदला. उगंच का?"

"मामा, इथं रेडिओचा गोंगाट कमी होता म्हणून," मित्र म्हणाला. "डोंगरांचा आडोसा, मोठी शहरं लांब. शांतता पाहून जागा निवडली."

"शांतता?" सौ. मेहुण्याकडं बघत म्हणाली. "दादाला बघितलं नव्हतं वाटतं त्यांनी."

मामांनी तबकडीकडं बोट केलं. "अब्जावधी प्रकाशवर्षं लांबचं ऐकतीय ती. आणि आमची ही घरातून तीनदा हाक मारतीय चहाला, ती इथं कुणाला ऐकू येत नाय."

चहा पिताना मित्रानं दिवसातली शेवटची माहिती दिली. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांचेही लेख आहेत म्हणे. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडचाच कुणी परदेशी. त्यातला एक इरिल नावाचा. लांबून आलेला, भाषा वेगळी, देव वेगळे. त्यानं इथल्या लेण्यात पाण्याची दोन टाकी खोदून दिली आणि एका ओळीत तेवढंच कोरलं. दुसरा चित नावाचा. त्यानं भिक्खूंना जेवायला मंडप दिला.

"आणि टाकं कसं असावं, आमच्या देशात कसलं असतं, हे काही?" मी विचारलं.

"नाही. दोन टाकी, इरिलचं दान. बास."

"जेवणाचा मंडप देणाऱ्यानं तिळाचं काही लिहिलंय?" सौ.नं विचारलं. आई दुसरीकडं बघू लागली.

रात्री घरी आल्यावर मी पाय धुता धुता सौ.ला म्हणालो, "पाहिलंस ना आज? मामा, मेहुणा, आई, तो मित्र, तो मुरबाडचा पोरगा, जो तो आपलंच घोडं पुढं दामटत होता. आख्ख्या गाडीत एकटा मी तेवढा..."

"तटस्थ," तिनं वाक्य पुरं केलं. मग टीव्हीखालचं ते मासिक काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "तुम्ही अर्धाच लेख वाचला होता. पान उलटायचं राहिलं."

पान उलटलं. एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 साली लोकांना पूर्वग्रहांची यादी दाखवून विचारलं होतं, की इतरांच्या मानानं तुमच्यात हे किती? बहुतेकांनी सांगितलं, इतरांपेक्षा आमच्यात कमी. आपल्याला पूर्वग्रह नाहीत असं वाटणं, हाही एक पूर्वग्रहच निघाला. ते वाचून मला प्रामाणिकपणे पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो : हे मेहुण्याला दाखवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मी मनाचा हिय्या केला. इरिल व्हायचं. आमच्याकडं नळाला पहाटे पाणी सुटतं आणि ते भरणं हे बावीस वर्षं जुन्नर तालुक्याकडं आहे. मी गुपचूप उठलो. कुणाला न उठवता दोन हंडे भरले, ओट्याजवळ ठेवले आणि परत येऊन झोपलो. ना बढाई, ना तुलना.

सात वाजता आईनं विचारलं, तेव्हा तिला सांगितलं. मग सौ.ला, कारण ती विचारत नव्हती. मग मित्राला फोन केला. मेहुण्याला फोन केला, मामांनाही त्यावरच बोलावून घेतलं. दुपारी मंचरच्या बाजारात दोघे भेटले, त्यांना हंड्यांचा आकारसुद्धा हातानं दाखवला. सौ. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "हंडे पालथे घालून विसळायला हवे होते आधी. आमच्याकडं विसळतात."

इरिलचं दोन टाक्यांना एका ओळीत भागलं होतं. मला दोन हंड्यांसाठी हा एवढा लेख लिहावा लागला.